मुखवट्याआडचा माणूस

चित्रकथा आपण भराभर वाचून बाजूला ठेवतो. ती नीट बघावी कशी, याविषयी आज बोलू.

सुरुवात दगडातल्या एका चित्रापासून करू. उर्से गावच्या मंडळींना भाजे लेणी काही लांब नाहीत. मळवलीला उतरायचं, पायऱ्या चढायच्या आणि पार टोकाच्या विहारापर्यंत जायचं. तिथे ओसरीच्या भिंतीवर हत्तीवर बसलेला एक वीर कोरला आहे. अनेक अभ्यासक त्याला इंद्र मानतात. हत्तीने सोंडेत अख्खं झाड उपटून धरलंय, आणि खालची माणसं अगदी चिमुकली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने पराक्रम दाखवला तो आकारातून.

अमेरिकी सुपरहिरोही बहुधा असेच उभे असतात, छाती काढून, शहर पायाखाली घेऊन. पण १९७० साली जपानमध्ये चित्रकार रियोइची इकेगामी यांनी अमेरिकी स्पायडर-मॅन मांगात, म्हणजे जपानी चित्रकथेत, आणला, तेव्हा पोशाख तोच ठेवला आणि आतला माणूस बदलला. पीटर पार्करच्या जागी यू कोमोरी हा जपानी विद्यार्थी आला. त्याची पहिली झुंज इलेक्ट्रो या खलनायकाशी, आणि हा इलेक्ट्रो निघतो त्याच्या मैत्रिणीचा भाऊ! अशा विजयाचा आनंद कसला होणार?

आता चित्राकडे या. मुखवट्याला ओठ नाहीत, डोळ्यांत बुबुळं नाहीत. मग दुःख दिसावं कुठे? खांद्याच्या उतारात, मानेच्या कलात, आवळलेल्या मुठीत. मुखवटा उतरला की घामेजलेला चेहरा आणि भोवती दाट काळी शाई. रात्र आणि मनाला लागलेली टोचणी, दोन्ही एकाच शाईत. मला इकेगामींची खरी ताकद इथे वाटते. एखादं पान घ्या, संवादांवर हात ठेवा आणि नुसती अंगं बघत जा. जपानी पान उजवीकडून डावीकडे सरकतं, एवढं ध्यानात असू द्या. बिनसंवादाच्या चौकटीपाशी तर थांबाच. मनातली घालमेल तिथेच उघडी पडते.

मुंबईलाही स्वतःचा स्पायडर-मॅन मिळाला. २००४ साली चित्रकार जीवन कांग यांनी तो पवित्र प्रभाकर या नावाने रेखाटला, धोतर नेसलेला. २०२३च्या ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटातही तो आहे, आणि चित्रपट मराठीतही आला. मूळ पोशाख अंगाला घट्ट चिकटलेला, त्यामुळे झेपेचा सगळा भार हातापायांच्या रेषांवर पडतो. धोतराच्या घोळात मात्र चित्रकाराला वारा पकडता येतो. पवित्र झेप घेईल तेव्हा आधी त्याचं धोतर कसं फुगतं ते बघा.