सिंबल कुठे गेला?

आज नवीन रेकॉर्ड दाखवण्याआधी एक जुनं मत मागे घ्यायचंय.

मागच्या पावसाळ्यात याच खुर्चीत बसून माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’च्या एका नव्या छपाईबद्दल मी बरंच बोललो होतो. आवाज बसका आहे, ड्रम्सवर कुणीतरी गोधडी टाकल्यासारखं वाटतं, पैसे घालवू नका, वगैरे. सोलापूरच्या आणि इंदूरच्या दोघांनी नंतर कळवलं की तुमचं ऐकून आम्ही घ्यायचा बेत रद्द केला. त्या दोघांची माफी मागतो. रेकॉर्ड ठीक आहे. बिघाड माझ्या कानात आहे.

कसं कळलं ते सांगतो. सुरुवात जॅझपासून नाही, शहाळ्यांपासून झाली.

बायकोने फोनवर सांगितलं, “अहो, येताना सहा शहाळी आणा.” मी दहा आणली. मेट्रो स्टेशनपासून आमचं घर चालत बारा मिनिटं, आणि दहा शहाळी म्हणजे काय वजन असतं ते उचललेल्यालाच ठाऊक. शिवाय बेंगळुरूत शहाळ्याचा आजचा भाव तुम्हाला माहीत असेलच. घरी आल्यावर ती म्हणाली, “सहा म्हटलं होतं.” मी म्हटलं, “दहा म्हणालीस.” यावर अर्धा तास वाद झाला. मी तो जिंकला असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात मुलगी पुण्याहून आली. तिला दाखवायला म्हणून मी तीच बदनाम रेकॉर्ड लावली. ‘सो व्हॉट’ ज्यांनी ऐकलंय त्यांना ती जागा माहीत असेल. आधी पियानो आणि बास चाचपडत येतात, मग मुख्य धून, आणि माइल्सचा ट्रम्पेट एकटा सुरू होतो त्या क्षणी जिमी कॉब सिंबलवर एक ठोका मारतो. तो ठोका फुटतो आणि मागे बराच वेळ पसरत राहतो. मी लेकीला म्हटलं, “हे बघ, इथे कसा खुंटलाय आवाज. माझ्या जुन्या कॅसेटवर किती लांब राहायचा!” ती काही बोलली नाही. तिने एक बोट वर केलं. मला वाटलं, गप्प बसा म्हणतेय. मग म्हणाली, “बाबा, अजून वाजतोय.” बोट तसंच वर. माझ्यासाठी तिथे नुसता ट्रम्पेट होता. तिने बोट खाली घेतलं तेव्हा मी उठून सुई उचलली. पाणी पिऊन आलो. पुन्हा लावायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी कपाटातली फाइल काढली. कारखान्यात आमची दरवर्षी तपासणी व्हायची, त्यात कानाचीही. कागद हातात मिळायचा, मी सही करून घरी आणायचो आणि बोनसच्या चिठ्ठ्यांबरोबर लावून ठेवायचो. कधी वाचला नाही. आता सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडले. आलेखाची रेघ डावीकडून सरळ येते आणि ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात पडते, मग थोडी वर येते. पहिल्या कागदावर तो खड्डा रस्त्यावरच्या खड्ड्याएवढा होता, शेवटच्यावर विहिरीएवढा. आवाजाने गेलेल्या कानाची हीच खूण असते म्हणे. आतल्या कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या मोडल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि मोडायला सुरुवात साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासच्या पेशींपासून होते. सिंबलची चमक त्या बाजूला. ‘स’ आणि ‘श’ची सळसळही वरच्याच पट्टीत. म्हणजे ‘सहा शहाळी’ माझ्यापर्यंत पोचतात तेव्हा त्यातला ‘स’ वाटेत गळालेला असतो. उरलेल्या ‘हा’ला डोकं आपल्या मनाने ‘द’ लावून देतं.

दोष कुणाला द्यायचा? मी इचलकरंजीचा. आमच्या गल्लीत जन्मलेलं पोर आईच्या अंगाईआधी यंत्रमाग ऐकतं. वडिलांच्या शेडमध्ये आठ माग होते आणि तिथे माणसं ओठ बघून बोलायची. खरं सांगू, माझी लयीची ओढ तिथलीच आहे. शेजारशेजारचे दोन माग अगदी एका वेगाने कधीच चालत नाहीत. एक कणभर पुढे जातो, ठोके सुटतात, गुंतागुंत होते, आणि थोड्या वेळाने पुन्हा दोघे एकत्र येतात. लहानपणी मी पायरीवर बसून ते एकत्र यायची वाट बघायचो. पुढे एल्विन जोन्सचे ड्रम्स ऐकले तेव्हा मला काहीच परकं वाटलं नाही.

१९९३ मध्ये बोम्मसंद्राला आलो. प्रेस शॉप. पत्रा कापण्याचा, ठोकण्याचा आवाज, दिवसाचे आठ तास. कारखान्याचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण कानात घालायचे बोळे त्यांनी पुढे दिले होते. मीच ते खिशात ठेवायचो. मला यंत्र कानाने ओळखायची घमेंड होती. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि सांगायचं, हे महिनाभर चालेल, ते आज बदला. सगळे मला बोलवायचे. बोळे घालून कसा ऐकणार? त्याच टूलरूममध्ये कॉक्स टाउनचा एक अँग्लो-इंडियन मशिनिस्ट होता, त्याने मला पहिली जॅझची कॅसेट दिली. तो मात्र बोळे घालायचा. आम्ही त्याला हसायचो.

तर आता प्रश्न असा पडला की तीन वर्षं इथे बसून मी तुम्हाला जी मतं देतोय, त्यातली माझी किती आणि या खड्ड्याची किती? म्हणून गेले दोन महिने मी सगळा साठा पुन्हा ऐकला. शक्य तिथे मुलीला फोनवर धरून ऐकला. तिची तक्रार आहे की सुट्टीचे दिवस सिंबल मोजण्यात जातात.

ही बघा, वाचणाऱ्यांना दिसणार नाही, पण निळसर मुखपृष्ठ नाही हो, ही दुसरी. ‘ज्योती’. १९८३ ची, ईसीएम या जर्मन कंपनीची. हिच्याबद्दल मी म्हटलं होतं की भारतीय आणि जॅझ यांच्या मेळाची याहून पूर्ण वाटणारी रेकॉर्ड मी ऐकलेली नाही. चार्ली मारियानो हा अमेरिकन सॅक्सोफोनवाला, चार्ल्स मिंगसच्या ‘द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी’वर वाजवलेला माणूस. तो दक्षिणेत येऊन नादस्वरम शिकला. आणि त्याच्याबरोबर आपल्या बेंगळुरूचं कर्नाटका कॉलेज ऑफ पर्कशन. गाणं आर. ए. रमामणींचं, मृदंगम टी. ए. एस. मणींचं, सोबत घटम आणि खंजिरी. आता लक्षात घ्या, या रेकॉर्डवर ड्रमसेट नाही. सिंबलच नाही! मृदंगाचा धुमारा, घटमाचा पोटातला आवाज, बाईंचा गळा, सगळं माझ्या धडक्या कानाच्या हद्दीत. मला ती ‘पूर्ण’ वाटली कारण माझ्याकडे ती पूर्ण पोचत होती. लेकीला विचारलं तर म्हणाली, “छान आहे बाबा, पण ‘पूर्ण’ म्हणजे काय?” मत मागे घेत नाही, पण त्यातला तो शब्द खोडा.

‘राग-जॅझ स्टाइल’बद्दल मात्र मी ठाम आहे. १९६८, शंकर-जयकिशन, रईस खाँची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, अकरा राग. मी म्हटलं होतं की प्रत्येक राग उंबरठ्यावरून नमस्कार करून परत जातो. तोडीला एवढ्याशा वेळात काय करणार? हे मत कानाचं नाही, माझंच आहे. वाजवणारे एकाहून एक, म्हणून तर जास्त हळहळ वाटते.

‘टाइम आउट’ला मी जे हसलो होतो तेही राहू द्या. १९५९ मध्ये डेव्ह ब्रूबेकच्या मंडळींनी ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांत बांधलं याचं पाश्चात्त्यांना केवढं नवल! आमच्या मजल्यावरचा मृदंग शिकणारा पोरगा जिन्यात थांबून ऐकत होता, चप्पल घालता घालता पाच मोजून निघून गेला. ब्रूबेकला स्वतःला अर्थातच हे माहीत असणार. वर्षभर आधी, १९५८ मध्ये, तो मुंबईत अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर बसला होता.

आणि आता ही. ही एलपी नाही, अठ्ठ्याहत्तरची तबकडी आहे, हिची सुई वेगळी. ‘अलबेला’, १९५१. बीव्हीके अय्यंगार रस्त्यावरच्या रविवारच्या बाजारात मिळाली. पूर्वी बोम्मसंद्राहून तिथे जायचं म्हणजे सिल्क बोर्डच्या चौकातच सकाळ संपायची. ऑगस्ट २०२५ पासून पिवळी लाइन सुरू झाली आणि आमचं शेवटचं स्टेशन झालं. आर. व्ही. रोडला उतरायचं, हिरवी लाइन धरायची. एक आहे, ‘मुंदिन निल्दाण’ ऐकू येतं, पुढचं नाव काही वेळा येत नाही, म्हणून मी दारावरची पाटी बघत उभा असतो.

गेल्या दोन वर्षांत मी जॅझपेक्षा जास्त हीच ऐकतोय. वय झालं, आठवणी येतात, असं मला वाटायचं. खरं कारण साधं आहे. त्या काळच्या तबकडीवर फार वरचे आवाज नीटसे उतरतच नसत. १९५१ मध्ये जे खोदलं गेलं, ते बहुतेक सगळं मला आजही मिळतं. इथे लेक आणि मी बरोबरीत आहोत. आम्ही दोघांनी ‘शोला जो भड़के’ लावलं तेव्हा कुणाचं बोट वर राहिलं नाही.

पण त्यामुळे झालं असं की मी गाणं सोडून मागचा बँड ऐकायला लागलो. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. पडद्यावर भगवानदादा. आणि या सगळ्यात ट्रम्पेट घेऊन चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या आल्दोनाचा. लुई आर्मस्ट्राँगवर जीव, इतका की लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणायचे. रात्री ताजसारख्या हॉटेलात साहेबलोकांना नाचवायचं आणि दिवसा स्टुडिओत चितळकरांसाठी वाजवायचं. ‘अलबेला’त तो आणि त्याची मंडळी पडद्यावरही दिसतात. मुंबईत १९४९ चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतली रात्र बारीक झाली आणि अशा कितीतरी गोवेकर वादकांचा चुलाच मग सिनेमावर चालला. चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन वाचायला शिकलेली ही पोरं. संगीतकार पेटीवर गुणगुणायचा, अरेंजर ते कागदावर उतरवायचा, हे बघून वाजवायचे.

म्हणजे आमच्या इचलकरंजीच्या लग्नाच्या वरातीत बँडवाला ‘भोली सूरत’ वाजवायचा तेव्हा आम्ही आल्दोनामार्गे न्यू ऑर्लिन्सवर नाचत होतो! आणि घरी कुणी जॅझ म्हटलं की “ते इंग्रजी काय लावलंय” म्हणायचो. या तबकडीच्या लेबलवर बघा, मी भिंग घेऊन बघितलंय. चित्रपट आहे, गायक आहेत, संगीतकार आहे. ट्रम्पेटवाल्याचं नाव नाही. मी पन्नास वर्षं हे गाणं ऐकलं आणि तोवर मलाही तो ऐकू आला नव्हता, तेव्हा तर कान शाबूत होते.

आता पुन्हा ‘काइंड ऑफ ब्लू’. माझ्यासारख्या यंत्रवाल्याला हिची एक गोष्ट फार आवडते. १९५९ च्या मार्चमध्ये पहिल्या बाजूची तीन गाणी ध्वनिमुद्रित झाली तेव्हा टेपचं मुख्य यंत्र किंचित हळू चालत होतं. साहजिकच बरोबर वेगाने वाजवल्यावर गाणी किंचित चढी लागायची. ते दुरुस्त होऊन बाजारात यायला १९९२ उजाडलं. तेवढी वर्षं जगभरच्या जाणकारांनी चढा सूर ऐकला आणि वाहवा केली. माझी कॅसेट कुठल्या छपाईवरून उतरवलेली होती कोण जाणे, पण मी तिच्यावर जीव टाकला होता. तेव्हा सोलापूरकर आणि इंदूरकर, रेकॉर्ड घ्या. आणि ऐकून झाल्यावर तो सिंबल किती वेळ टिकतो ते मला कळवा.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. बोम्मसंद्रात मोठी हॉस्पिटलं झाल्यापासून इथे बंगालहून इतके पेशंट येतात की लॉजच्या पाट्या बंगालीत आहेत. माझ्या शेजारी बसलेल्या बर्धमानच्या काकांचं आणि माझं हिंदीत छान जमलं, कारण दोघंही ओरडूनच बोलत होतो. यंत्र पंधरा दिवसांसाठी वापरून बघायला दिलंय. पहिल्या संध्याकाळी ते घालून ‘सो व्हॉट’ लावलं. सिंबल आला, पण तव्यावर मोहरी तडतडल्यासारखा. त्या बाई म्हणाल्या, हे यंत्र माणसाचं बोलणं समजावं म्हणून जुळवलेलं असतं, संगीतासाठी वेगळी जुळवणी करून देते, मंगळवारी या. बायको म्हणते, आधी बोलण्याची जुळवणी पक्की करून घ्या. तिचंही बरोबर आहे.

आज बोलताना मी ते घातलेलं नाही, कॅमेऱ्यात दिसेल म्हणून. हा बावळटपणा आहे हे मला कळतं. मंगळवारनंतर घालून बसेन.

थांबा, स्वयंपाकघरातून हाक आलीय. शिरा म्हणतेय की जिरा, जाऊन बघतो.