नगरच्या किल्ल्यातला बहादूर

बालमानसशास्त्राच्या या परिषदेसाठी लांबून आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

आमचा जिल्हा आता अहिल्यानगर झाला आहे. आमच्या तोंडात मात्र अजून ‘नगर’च येतं, तेवढं चालवून घ्या.

पाहुण्यांना किल्ला दाखवायची इथली रीत आहे. 1595-96मध्ये चांदबिबीनं तो मोगलांविरुद्ध कसा लढवला, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. ज्याच्या गादीसाठी ती लढली, त्या बहादूर निजामशहाचं मात्र आम्ही काहीच सांगत नाही. तो लहान मूल होता. 1600मध्ये चांदबिबी आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली, किल्ला पडला आणि बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. पहिल्या वेढ्यात सुरुंगानं तट कसा फुटला, खिंडार रातोरात कसं बुजवलं, हे इतिहासात आहे. ते पोर रात्री दचकून उठत होतं का, हे मला कुठे वाचायला मिळालं नाही.

युद्धात मुलांच्या मनाचं काय होतं, हे पाहणारी माणसं पुढे निघाली. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी मुलांसाठी निवासी पाळणाघरं चालवली. बॉम्बपेक्षा आईपासून तुटणं मुलांना जास्त खचवतं, असं त्यांना दिसलं. तज्ज्ञांसमोर हे मी सांगणं आगाऊपणाचं आहे. पण याच्याशी ताडून पाहावं असं उदाहरण आपल्याच मुलखात आहे. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बायका-मुलंच जास्त. सोव्हिएत राजवटीनं घरांतून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेलेली, उपासमार आणि रोगराईत जिवाभावाची माणसं गमावलेली, इराणमार्गे इथवर पोचलेली ही मंडळी. वळिवड्यात त्यांच्या भाषेतल्या शाळा निघाल्या, चर्च, दवाखाना, स्काउटची पथकं, नाटकं सुरू झाली. दिवसाला पुन्हा वेळापत्रक आलं. त्यांच्यातली कितीतरी माणसं म्हातारपणी मुद्दाम कोल्हापूर बघायला आली. त्यांची भीती पुसली गेली असं मी म्हणणार नाही, पण जिथे परत यावंसं वाटतं तिथे काहीतरी सावरलं असणारच.

आता नगरचं. इथे आर्मर्ड कोअरचं सेंटर आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं आहे. केके रेंज या लष्करी सराव मैदानावर रणगाडे धडाडतात आणि आसपासच्या गावांतली पोरं खुशाल झोपतात. मे 2025मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षात मात्र वृत्तवाहिन्यांनी हवाई हल्ल्याचे भोंगे इतके वाजवले, की ते वापरू नका असं सरकारला सांगावं लागलं. ज्या घरातला जवान सीमेवर, तिथलं पोर बातम्या कमी आणि फोनकडे टक लावलेल्या आईचा चेहरा जास्त वाचतं. तिला धीर दिल्याशिवाय पोराला धीर कसा मिळणार? माझ्या मते सैनिकी परंपरा मिरवणाऱ्या आपल्या जिल्ह्यानं हा प्रश्न फार पूर्वीच विचारायला हवा होता. शौर्याच्या भाषणांत त्याला जागा मिळाली नाही.

राहण्या-जेवण्यात काही कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या. यजमान म्हणून एक मागणं मात्र मागतो. निबंध वाचाल, चर्चा कराल. त्यासोबत अंगणवाडी सेविकेला आणि झेडपीच्या गुरुजींना समजेल असं एक पान सोप्या मराठीत लिहून द्या: घाबरलेल्या मुलाशी काय बोलावं, काय बोलू नये, त्याच्या आईला कुणाकडे पाठवावं. छपाई आणि शाळाशाळांत पोचवणं आमच्याकडे लागलं.