जीर्णोद्धाराची वर्गणी आणि करातली सूट

जीर्णोद्धाराची वर्गणी मागायला माणसं येतात आणि म्हणतात, “द्या, करात सूट मिळते.” बचत गटाच्या पेटीला हात लावण्याआधी हे ऐका.

सूट आहे, खोटं नाही. आयकरात ८०जी म्हणून ओळखलं जाणारं कलम आहे. पण ते गावोगावच्या प्रत्येक देवळाला लागत नाही. ज्या देवळाचं, मशिदीचं किंवा ऐतिहासिक जागेचं नाव केंद्र सरकारनं राजपत्रात छापलंय, तिथल्याच दुरुस्तीची देणगी चालते. म्हणून आधी राजपत्राची प्रत मागायची. लाजायचं नाही.

आता सूट किती? तुमच्या नोकरदार मुलानं १०,००० रुपये दिले, तर त्यातले निम्मे, म्हणजे ५,००० त्याच्या उत्पन्नातून वजा होतात. करातून नव्हे! २० टक्के कर भरत असेल तर हजारभर रुपये वाचतात. तेही जुनी करप्रणाली घेतली असेल तर. २,००० रुपयांच्या वर रोख दिले, तर काहीच नाही. आणि ज्या बाईला आयकर भरावाच लागत नाही, तिला सूट कशातून मिळणार? तिनं श्रद्धेनं द्यावं, सुटीच्या आशेनं नको.

सरकारचा राष्ट्रीय संस्कृती निधी आहे, १९९६ सालचा. त्यात दिलेली पूर्ण रक्कम उत्पन्नातून वजा होते, आणि कोणत्या वास्तूसाठी देतो हेही सांगता येतं. अजिंठ्याची लेणी आपल्याच तालुक्यात, तेव्हा माहीत असलेलं बरं.

आणि आपला स्वतःचा वाडा? अमेरिकेत नोंद झालेली जुनी इमारत नीट करून भाड्यानं दिली, तर खर्चाच्या २० टक्के रक्कम थेट करातून कमी होते. आपल्याकडे आयकरात तसं काही नाही. मला हे चुकीचं वाटतं. सागवानी खांब व्यापाऱ्याला विकून मालक मोकळा होतो, त्यात नवल काय?

घरपट्टीत मात्र थोडा आधार आहे. ग्रामपंचायत भांडवली मूल्यावर घरपट्टी काढते. दगडमातीच्या घराचा दर वेगळा, स्लॅबच्या घराचा वेगळा, आणि घराच्या वयाप्रमाणे घसारा धरतात. माळवद पाडून स्लॅब टाकला की पट्टी वाढते. (सोयगाव शहरात नगरपंचायत आहे, तिचा हिशेब निराळा.) तेव्हा नमुना ८ चा उतारा काढा. बांधकामाचा प्रकार आणि वर्ष बरोबर लिहिलंय का, ते पाहा. चूक असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.