घरमालकाची तक्रार

जबलपूर शहराच्या पूर्वेस रांझी नावाची मोठी वस्ती आहे. तिचा इतिहास कारखान्यांच्या भोंग्यांशी बांधलेला आहे. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ साली उभी राहिली. खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आला. आणि १९६९ साली वाहन निर्माणी सुरू झाली. या कारखान्यांच्या आश्रयाने निरनिराळ्या प्रांतांतली माणसे येथे स्थिरावली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. नागपूर ही जोपर्यंत मध्य प्रांताची राजधानी होती, तोपर्यंत जबलपूर मराठी माणसाला परके वाटण्याचे कारणच नव्हते. आणि १९५६ साली प्रांतांची पुनर्रचना झाल्यावरही या कुटुंबांनी आपले बिऱ्हाड हलविले नाही. नोकरीची तीस-पस्तीस वर्षे सरकारी क्वार्टरमध्ये काढावयाची आणि निवृत्तीच्या सुमारास जवळच एखादा लहानसा भूखंड घेऊन स्वतःचे घर बांधावयाचे, हा तेथील पुष्कळांचा जीवनक्रम झाला.

या कामगाराच्या अंगी एक गुण मुरलेला असतो. त्याच्या हातून गेलेला प्रत्येक भाग मापाने तपासला जातो. तो गेजमध्ये बसला तर पुढे जातो, न बसला तर परत येतो. कारागीर ओळखीचा आहे किंवा गोड बोलतो, एवढ्यावर कोणताही भाग पास होत नाही. परंतु हाच मनुष्य स्वतःचे घर बांधावयास निघाला म्हणजे आपली ही आयुष्यभराची शिस्त कारखान्याच्या फाटकाशी ठेवून येतो. ठेकेदार कोणाच्या तरी ओळखीचा असतो. दर तोंडी ठरतो. कागद म्हणजे फार तर एका वहीत लिहिलेल्या हप्त्यांच्या रकमा. 'घर पाहावे बांधून' असे आपले पूर्वज म्हणून गेले, त्यातील 'पाहावे' या शब्दाकडे मात्र कोणी पाहत नाही.

असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांच्या रकमेतून ते उभे राहिले आहे. वास्तुशांत झाली, पाहुणे जेवून गेले आणि पहिला पावसाळा आला. जबलपुरास वर्षाकाठी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आषाढाच्या दुसऱ्याच आठवड्यात माजघराच्या छताला ओल दिसू लागली. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली. गिलाव्यावर बोटाने टकटक केले तर आतून पोकळ आवाज येऊ लागला. घरमालकाने ठेकेदारास बोलाविले. तो आला, वर पाहिले आणि म्हणाला, "बाबूजी, नवे घर आहे. भिंती बसायला एक वर्ष लागतेच." वर्ष गेले, भिंती बसल्या नाहीत, भेग मात्र हातभर लांब झाली. मग शेवटचा हप्ता अडविला गेला. ठेकेदाराने येणे बंद केले. आणि ज्या दोन माणसांनी पायाच्या नारळाचे खोबरे बरोबर खाल्ले होते, ती एकमेकांस 'चोर' म्हणू लागली.

अशा भांडणात दोघांचेही म्हणणे ऐकण्यासारखे असते. ठेकेदार हा बहुधा थापी हातात घेऊन वर आलेला गवंडीच असतो. घरमालकाने चार ठेकेदारांचे दर विचारून सर्वांत कमी दराच्या माणसास काम दिलेले असते, आणि त्यातूनही घासाघीस केलेली असते. त्या दरात हुशार कारागीर टिकत नाही, घाई होते, दुसरे काम खुणावू लागते. शिवाय ठेका दोन प्रकारचा असतो. एकात सामानासकट सारे काम ठेकेदाराचे. दुसऱ्यात सामान मालकाचे आणि मजुरी ठेकेदाराची. दुसऱ्या प्रकारात घर बिघडले की ठेकेदार सिमेंटकडे बोट दाखवितो, सिमेंटवाला गवंड्याकडे, आणि गवंडी मालकाकडे. कारण पाणी मारण्याचे काम मालकाने आपल्या घरच्यांवर सोपविलेले असते. दोष खरा असतो, पण तो कोणाचा हे ठरविण्याचे साधन कोणापाशीच नसते. तक्रार अडते ती येथेच.

म्हणून तक्रार मिटविण्याची पहिली पायरी रागाची किंवा वकिलाची नसून निदानाची आहे. प्रत्येक भेग सारखी नसते. गिलाव्यावरील केसासारख्या बारीक रेषा बहुधा गिलावा लवकर सुकल्याच्या असतात. त्या दिसावयास वाईट, पण घातक नसतात. दाराखिडकीच्या कोपऱ्यातून निघणारी तिरपी, रुंदावत जाणारी भेग मात्र पाया असमान खचल्याचे, किंवा वरच्या लिंटलमध्ये काही उणीव राहिल्याचे चिन्ह असू शकते. नर्मदेच्या खोऱ्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. अशा जमिनीवर उथळ पाया घातला तर भिंत दर ऋतूला उचलली जाते आणि दर ऋतूला खाली बसते. स्लॅब गळण्याची कारणे आणखी निराळी. काँक्रीट नीट दाबून न भरल्याने आत मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे राहतात. गच्चीला उतार नसतो. किंवा ओल्या काँक्रीटला पुरेसे दिवस पाणी मिळालेले नसते. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस ओले ठेवावे लागते, मिश्र सिमेंट असेल तर दहा दिवस, आणि कोरड्या कडक उन्हात याहूनही अधिक. मे महिन्यात जबलपुरास स्लॅब घालून चौथ्या दिवशी पाणी बंद केले, तर तो पावसाळ्यात गळला यात नवल नाही.

निदानाला पुरावा लागतो, आणि तो फारसा खर्चिक नसतो. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंस घट्ट चिकटवावी. भिंत अजून हलत असेल तर ती पट्टी फुटते. ओळंबा सोडून भिंत पाहावी. गच्चीवर बादलीभर पाणी ओतून ते कोणत्या बाजूस जाते ते पाहावे. छायाचित्रे तारखेनिशी ठेवावीत. त्यानंतर या प्रकरणाशी संबंध नसलेल्या एखाद्या स्थापत्य अभियंत्यास बोलावून लेखी अहवाल घ्यावा, आणि त्यात प्रत्येक दोषापुढे तीन गोष्टी असाव्यात: दोष काय, त्याचे कारण काय, आणि तो सुधारण्यास काय करावे व किती खर्च येईल. कारखान्यात गेज जे काम करते, ते येथे हा कागद करतो.

दुरुस्तीची घाई करून मात्र हा पुरावा झाकू नये. पुष्कळ घरमालक चिडून दुसरा गवंडी आणतात, भेग भरून घेतात, वर रंग देतात, आणि नंतर पहिल्या ठेकेदारावर दावा सांगतात. तोवर भिंतीची साक्ष बुजलेली असते. उलटपक्षी छत वर्षभर गळू देऊन आतली सळई गंजविणे हेही शहाणपणाचे नव्हे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे त्र्याहत्तरावे कलम करार मोडणाऱ्याकडून भरपाई देवविते. पण ती ठरविताना नुकसान टाळण्याचे कोणते उपाय उपलब्ध होते, हेही पाहावे, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते. आधी नोंद, मग नोटीस, आणि मग दुरुस्ती, असा हा क्रम आहे.

हा आग्रह केवळ पैशासाठी नाही. २२ मे १९९७ रोजी, पहाटे सव्वाचारच्या सुमारास, जबलपूर भूकंपाने हादरले. जवळच्या कोसमघाट गावास मोठा तडाखा बसला. सुमारे चाळीस माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारो घरांची हानी झाली. मातीच्या चुन्यात रचलेल्या, कोपरे नीट न बांधलेल्या भिंती सुटल्या. आणि शहरातील काही नव्या इमारतींत, जेथे वाहनांसाठी तळमजला मोकळा सोडला होता, तेथे खांब चिरफाळले. जमिनीच्या हादऱ्यापुढे गोड बोलणे चालत नाही. खांबातील सळयांना बांधणाऱ्या कड्या दूर दूर टाकल्या असतील, तर ती बचत एरवी वर्षानुवर्षे दिसत नाही; ती त्या काही सेकंदांत दिसते. घरमालक तक्रार करतो तेव्हा तो आपल्या मुलानातवंडांच्या झोपेविषयी बोलत असतो.

ही चिंता नवी नाही. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने कोरविलेल्या कायद्यात गवंड्यासाठी स्वतंत्र कलमे आहेत. घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्यास देहदंड, असे एक कठोर कलम त्यांत आहे; पण त्याच्याच पुढे आणखी एक आहे, की भिंत कलू लागली तर बांधणाऱ्याने ती स्वखर्चाने मजबूत करून द्यावी. देहदंड काळाच्या ओघात गेला, दुरुस्तीची जबाबदारी मात्र राहिली. फ्रान्सच्या १८०४ च्या दिवाणी संहितेने बांधणाऱ्यावर दहा वर्षांची जबाबदारी टाकली, आणि ती आजही त्या देशात मानली जाते.

आपल्याकडे दिवाणी न्यायालयाचा मार्ग पूर्वीपासून होता, पण तो लांबचा होता. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जवळचा मार्ग काढला. १९९३ साली 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येत घरबांधणी स्पष्टपणे घालण्यात आली, आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबर रोजी लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घरे बांधून देणाऱ्या सरकारी संस्थाही या कायद्याखाली येतात असे सांगितले. पुढे १० जुलै २००८ रोजी, दिल्लीतील एका जमीनमालकाच्या प्रकरणात, मालकाच्या जागेवर इमारत बांधून देणारा बिल्डर हा त्या मालकास सेवाच देत असतो, तेव्हा सदोष कामाची तक्रार ग्राहक म्हणून करता येते, असा निर्णय त्याच न्यायालयाने दिला. जुन्या कायद्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली असून तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याप्रमाणे रांझीच्या रहिवाशास तक्रार जबलपूरच्याच जिल्हा आयोगापुढे गुदरता येते. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालते. पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील देणे सक्तीचे नाही. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. 'यंदाचा पावसाळा जाऊ द्या' असे म्हणत जे पावसाळे जातात, ते या मुदतीतूनच जातात. तडजोडीची शक्यता दिसल्यास, दोन्ही पक्षांच्या संमतीने, आयोग प्रकरण मध्यस्थाकडेही पाठवू शकतो.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचेही नाव पुष्कळदा घेतले जाते. बिल्डरने नोंदणीकृत योजनेत बांधलेल्या घरात ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर तो त्याने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा, असे त्यात आहे. परंतु स्वतःच्या भूखंडावर ठेकेदाराकडून घर बांधून घेणाऱ्यास त्या कायद्याचा आधार मिळत नाही. त्याचा आधार म्हणजे त्याने स्वतः करून घेतलेला करार.

तथापि आयोगाची पायरी चढण्यापूर्वी एक पायरी उरते, आणि पुष्कळ तक्रारी तिच्यावर मिटू शकतात. अभियंत्याचा अहवाल जोडून ठेकेदारास सौम्य शब्दांत लेखी पत्र द्यावे आणि एक दिवस ठरवून तिघांनी मिळून घर पाहावे. 'तुम्ही मला फसविले' या वाक्यास उत्तर म्हणून दुसरे तसेच वाक्य येते. 'ठेकेदारजी, गच्चीचा उतार मोरीच्या उलट दिशेस आहे, हे पाणी पाहा' या वाक्यास उत्तर म्हणून मनुष्य खाली वाकून पाणी पाहतो. मग यादी करावी: हे दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने काढावेत, हे सामानाचे असल्याने मालकाने सोसावेत, या बारीक रेषा दोघांनीही सोडून द्याव्यात. प्रत्येक कामास तारीख घालावी. अडविलेला हप्ता सगळाच न अडविता, जेवढे काम पुरे होईल तेवढा मोकळा करावा. खाली दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार असावेत. अशा कागदाने ठेकेदाराची अब्रूही राहते, आणि ज्याची अब्रू राहिली तोच काम सुधारावयास परत येतो.

आणि ज्यांचे घर अजून नकाशातच आहे, त्यांना हा सारा खटाटोप पुष्कळसा टाळता येईल. करारात सिमेंटचा प्रकार, सळईचा व्यास, काँक्रीटची प्रत आणि पाणी मारण्याची जबाबदारी लिहावी. पाया मातीने बुजण्यापूर्वी, आणि सळयांवर काँक्रीट पडण्यापूर्वी, जाणत्याने येऊन पाहिल्याखेरीज पुढचे काम होणार नाही, असे कलम घालावे. एकूण रकमेचा काही भाग एक पावसाळा उलटेपर्यंत अनामत ठेवावा, आणि तो ठेवणार हे पहिल्याच दिवशी सांगावे. शेवटी अडविलेला पैसा भांडण होतो, आरंभी ठरविलेला पैसा अट होते. या अटींमुळे दर थोडा चढेल. तो चढू द्यावा. रांझीतल्या ज्या हातांनी देशासाठी तोफगाडे आणि लष्करी वाहने मापात घडविली, त्यांना स्वतःच्या छपराखाली निर्धास्त झोपण्याचा अधिकार आहे. आणि तो मिळविण्यासाठी त्यांना मापाची आपली जुनी सवयच तेवढी घरी आणावयाची आहे.