मागाचा खडखडाट आणि गावाचा शब्द



 पाहुणेमंडळी, रात्री इचलकरंजीच्या लॉजवर मागांच्या आवाजानं तुमची झोप मोडली असेल, तर स्वागत समितीतर्फे दिलगिरी व्यक्त करतो. अर्थात आमची झोप मोडते ती हा आवाज थांबल्यावर.

1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला. त्यांच्यामागे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे उभे राहिले. पुढं सहकारी सूतगिरण्या आल्या, बँका आल्या, वस्त्रोद्योगाचं शिक्षण देणारी संस्था आली. 1974 मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलनही याच गावानं भरवलं. 2022 पासून आपण महानगरपालिका आहोत. पाटी बदलली. आता शहराचे अग्रक्रम ठरवायची वेळ आहे, आणि त्यासाठीच ही परिषद बोलावली आहे.

औद्योगिक विकास म्हटलं की 'मोठा प्रकल्प आणा' ही मागणी सगळ्यात आधी येते. प्रकल्प जरूर यावेत. पण माझ्या मते या शहराचा पहिला अग्रक्रम खर्चीवाल्याला वेळेवर पैसे मिळावेत, हा आहे. पाहुण्यांसाठी थोडं उलगडून सांगतो. व्यापारी सुताची बिमं देतो, बाण्याचं सूत देतो. खर्चीवाला आपल्या मागावर कापड विणून देतो आणि त्याची मजुरी पिकामागे, म्हणजे बाण्याच्या धाग्यांच्या हिशोबानं, पैशांत ठरते. रुपयांत नाही, पैशांत! त्यातून त्यानं वीजबिल भरायचं, कामगाराचा आठवड्याचा पगार करायचा, कांडीवालीचे, वहिफणीवाल्याचे पैसे द्यायचे, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलवायचं आणि तुटलेला धोटा बदलायचा. यातलं काहीच उधारीवर चालत नाही. त्याचं स्वतःचं येणं मात्र दोन-दोन, तीन-तीन महिने लोंबकळतं. म्हणजे बड्या व्यापाऱ्याला बिनव्याजी भांडवल पुरवतो कोण, तर आठ मागांचा मालक.

सूक्ष्म-लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करावं, नाहीतर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत ती रक्कम आयकरात खर्च म्हणून धरता येणार नाही, अशी तरतूद 1 एप्रिल 2024 पासून लागू झाली. त्यावर काही खरेदीदारांनी काढलेली तोड ऐका: 'लघुउद्योग म्हणून असलेली तुमची उद्यम नोंदणीच रद्द करा, मग ऑर्डर देतो.' कायद्याची पळवाट शोधण्यात आपण व्यापारी भलतेच कल्पक आहोत, आणि मी त्याच जमातीतला आहे म्हणून हे बोलतो. गावानं पेमेंटधारा, म्हणजे पैसे किती दिवसांत चुकवायचे याचे नियम, याआधीही ठरवल्या आहेत. चार महिने पाळल्या जातात, मग एकजण मोडतो, त्याचं बघून दुसरा. ज्याची पत मोठी त्यानं आधी पाळायचं, पुढारपणाची मी तरी एवढीच परीक्षा मानतो. भाषणं आपल्याकडे मुबलक आहेत.

दुसरा प्रश्न पाण्याचा. पंचगंगा उशाला आहे आणि आपण कृष्णेचं पाणी पितो. तेही जलवाहिनीला गळती लागली नाही तर. वारणेचं पाणी मागितलं, तिथल्या गावांनी विरोध केला. दूधगंगेवरच्या सुळकूड योजनेलाही विरोध झाला. या विरोधाला नुसतं राजकारण म्हणून झटकून टाकू नका. शिरोळकडच्या माणसाला विचारा, इचलकरंजीच्या खाली पंचगंगेचं पाणी कसं येतं ते. 2012 ची दूषित पाण्याची काविळीची साथ आपण स्वतः भोगली आहे. आपल्या प्रोसेसिंगचं, म्हणजे रंगाई-छपाईचं, आणि गटारांचं पाणी शुद्ध करून नदीत सोडायची तयारी दाखवल्याशिवाय शेजाऱ्याच्या धरणाचं पाणी मागायला तोंड राहत नाही.

शिवाय याच पाण्यात आपली कमाई अडकली आहे. आपल्याकडचं किती तरी कच्चं कापड ट्रकमध्ये भरून रंगाई-छपाईला बालोत्रा, पाली, अहमदाबादला जातं. विणणार आपण आणि नफ्याचा मोठा वाटा दुसऱ्याच्या गावात. एअरजेट, रॅपिअर माग बसवायला अनुदानाच्या योजना मिळतात. पण प्रोसेसिंगला लागणारं पाणी आणि सांडपाण्याची सोय एकट्यादुकट्याच्या खिशातून होत नाही. ते शहरानं मिळून करायचं काम आहे, आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात रस्त्यांच्या डांबराआधी त्याचा विचार व्हावा, असं मला वाटतं. डांबरावर मतं मिळतात, हे मलाही ठाऊक आहे.

कामगारांविषयी एकच सांगतो. ओडिशा, बिहारमधून आलेली मुलं आज निम्मी रात्र जागून हे शहर चालवतात. वॉर्डाच्या सभेत त्यांना कुणी बोलावत नाही. घरी बसून कांड्या भरणाऱ्या बायकांनाही नाही. म्हणून यावेळी स्वागत समितीनं पुढची रांग या मंडळींसाठी राखली आहे. मान्यवरांनी कृपया दुसऱ्या रांगेत बसावं. काहींनी पुढच्या खुर्च्यांवर रुमाल टाकलेले दिसतात, ते तेवढे उचलून घ्यावेत.

पहिल्या सत्रात पेमेंटधारेवर चर्चा आहे. खर्चीवाले आधी बोलतील, व्यापारी नंतर. अध्यक्ष महाराजांना विनंती, की कामकाज सुरू करावं.