व्यवस्थापनाची प्रवेशपरीक्षा : पाठांतराकडून निवडीकडे



तालुक्याच्या महाविद्यालयातून पदवी घेतलेला विद्यार्थी व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षेस बसतो, तेव्हा त्याची पहिली अडचण गणिताची नसते. परीक्षेचे स्वरूपच त्याला अपरिचित असते. पंधरा वर्षे त्याला सर्व प्रश्न सोडविण्याची शिकवण मिळालेली असते. येथे मात्र काही प्रश्न वेळीच सोडून देणे हिताचे ठरते.

भारतीय व्यवस्थापन संस्थांपैकी कलकत्ता व अहमदाबाद येथील पहिल्या दोन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाल्या. महाराष्ट्रात नागपूर येथील संस्था २०१५ मध्ये सुरू झाली. पवई येथे १९६३ पासूनची जी औद्योगिक अभियांत्रिकी संस्था होती, तिचे २०२३ मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई असे रूपांतर झाले. या संस्थांच्या प्रवेशासाठी 'कॅट' ही सामाईक परीक्षा घेतली जाते. पदवीला ५० टक्के गुण, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग उमेदवारांना ४५ टक्के गुण, ही तिची किमान अर्हता होय. पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांनाही ती देता येते.

२०२४ च्या परीक्षेत १२० मिनिटांत ६८ प्रश्न होते. इंग्रजी वाचन व आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित असे तीन विभाग, प्रत्येकास ४० मिनिटे. एका विभागाचा वेळ दुसऱ्यास देता येत नाही. बरोबर उत्तरास ३ गुण मिळतात. पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास १ गुण वजा होतो.

या नियमाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. एका विद्यार्थ्याने वीस पर्यायी प्रश्न सोडविले, त्यांतील बारा बरोबर व आठ चूक आले, तर त्यास २८ गुण मिळतात. दुसऱ्याने चौदाच सोडविले, पैकी अकरा बरोबर व तीन चूक, तर त्यास ३० गुण मिळतात. चार पर्यायांतून निव्वळ अंदाजाने उत्तर देणाऱ्यास सरासरीने काहीच लाभ होत नाही. मात्र एखादा पर्याय निश्चितपणे चूक आहे असे ओळखता आले, तर अंदाज काहीसा फलदायी ठरतो.

राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होणाऱ्या एम.बी.ए. परीक्षेची रीत याउलट आहे. २०२५ च्या परीक्षेत १५० मिनिटांत २०० प्रश्न होते आणि चुकीस गुणकपात नव्हती. तेथे एकही प्रश्न कोरा ठेवणे म्हणजे नुकसान. म्हणून त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचणे हा तयारीचा पहिला धडा मानला पाहिजे.

निकालातील 'पर्सेंटाइल' म्हणजे टक्के नव्हेत. तीन लाख उमेदवार बसले असे धरल्यास ९९ पर्सेंटाइल मिळविणाऱ्याच्या पुढे सुमारे ३,००० उमेदवार असतात. हे न समजल्याने कित्येक घरांत निकालाच्या दिवशी विनाकारण आनंद किंवा विनाकारण खेद होतो.

गणिताचा भाग बहुतांशी शालेय स्तरावरचाच असतो : शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-वेग, समीकरणे, भूमिती. ग्रामीण विद्यार्थी त्यात मागे पडतोच असे नाही. तो अडतो तो अपरिचित विषयावरील इंग्रजी उताऱ्यापाशी. त्यावर दोन महिन्यांचा वर्ग हा उपाय नाही. वर्षभर रोज एक लेख वाचून त्याचा आशय दोन ओळींत लिहावा. प्रारंभी मराठीत लिहिला तरी चालेल. आशय पकडण्याची सवय एकदा जडली की भाषेचे भय ओसरते.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. केंद्रीय संस्थांत इतर मागास वर्गासाठी २७ टक्के आरक्षण आहे. परंतु त्यासाठी जात केंद्रीय सूचीत असावी लागते आणि नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र केंद्रीय नमुन्यातील लागते. विमुक्त जाती व भटक्या जमातींना राज्यात स्वतंत्र आरक्षण असले, तरी केंद्रीय संस्थांत तसा स्वतंत्र प्रवर्ग नाही. राज्याच्या नमुन्यातील दाखला घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याची गुण असूनही ऐन वेळी धावपळ होते. अर्ज घेतानाच 'दाखला कोणत्या संस्थेसाठी हवा?' एवढी विचारणा तहसील कार्यालयात झाली, तर ही धावपळ टळेल.

पंचायतीलाही फार मोठा खर्च करावयाचा नाही. ग्रंथालयातील एक खोली, एक चालू संगणक आणि रविवारी सकाळी दोन तासांची शांतता पुरेशी आहे. परीक्षेपूर्वी 'कॅट'च्या अधिकृत संकेतस्थळावर सराव चाचणी विनामूल्य मिळते. ती घड्याळ लावून सोडवावी आणि नंतर शिक्षकांनी विद्यार्थ्याजवळ बसून कोणते प्रश्न सोडावयास हवे होते, याची चर्चा करावी. गावातील मुलामुलींना या परीक्षेत समान पायरीवर उभे करण्याचे काम येथूनच सुरू होऊ शकते.