ख्रिस्ती धर्मातील नेतृत्वाची कल्पना



आजचा विषय ख्रिस्ती धर्मातला असला, तरी पुढारी कसा असावा हा प्रश्न साऱ्यांचाच आहे. शिवाय यवतमाळचा या विषयाशी जुना संबंध आहे. १९५३ साली याच गावी युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली. १९८३ मध्ये ती पुण्यास गेली. तोपर्यंत तीस वर्षे मंडळीचे भावी पाळक येथे शिकत होते.

‘पाळक’ या शब्दातच या नेतृत्वाची पहिली खूण आहे. आपल्याकडचा गायकी सकाळी गावाची गुरे रानात नेतो. गुरे त्याच्या हाकेला ओळखतात, त्याच्या मागे चालतात. पण ती त्याची नसतात. संध्याकाळी ज्याची त्याला परत करावी लागतात. बायबलची दृष्टी हीच आहे. लोक पुढाऱ्याच्या हवाली केलेले असतात, मालकीचे नसतात. आणि हिशेब देवाला द्यावयाचा असतो.

या हिशेबाचे उत्तम चित्र शमुवेल संदेष्ट्याच्या कथेत आहे. इस्राएल लोकांनी शेजाऱ्यांसारखा राजा मागितला. राजा तुमची मुले सैन्यात नेईल, चांगली शेते आपल्या माणसांना वाटील, असा इशारा शमुवेलाने दिला. तो कोणी मानला नाही. शौल राजा झाला. मग म्हातारा शमुवेल भरसभेत उभा राहिला आणि त्याने विचारले की मी कोणाचा बैल घेतला, कोणाला नाडले, कोणाची लाच खाल्ली ते सांगा, मी भरून देतो. लोकांनी त्याच्या निर्दोषपणाची साक्ष दिली. ज्या मुलखात बैल गेला की शेती बसते, तेथे या प्रश्नाचे वजन आम्ही समजावून सांगावयास नको. पण याच शमुवेलाची मुले न्यायाधीश होऊन लाचखाऊ निघाली होती, हेही बायबल लपवीत नाही. बापाची सचोटी मुलाला गादीबरोबर मिळत नाही. घराणे पाहून पुढारी निवडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरी खूण कान उघडे असण्याची. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला युद्धात मरावयास पाठविले. नाथान संदेष्ट्याने त्याला गरिबाची एकुलती मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली आणि तो श्रीमंत तूच, असे तोंडावर सुनावले. राजाने नाथानाला शिक्षा केली नाही, आपला अपराध कबूल केला. ज्याच्या दरबारात नाथानाला जागा नाही, त्याच्या भजनपूजनावर फारसे विसंबू नये.

तिसरी खूण सेवेची. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. हे काम घरच्या नोकराचे. पेत्र संकोचला. येशूला धरून देणारा यहूदाही तेव्हा तेथेच होता. म्हणजे ही सेवा केवळ आपल्या गोटातल्यांपुरती नव्हती.

महाराष्ट्रात या तिन्ही खुणा पंडिता रमाबाईंच्या ठायी दिसतात. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी आपली सदसद्विवेकबुद्धी चर्चच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करण्यास त्यांनी नकार दिला. पुढे वऱ्हाडाला लागून असलेल्या मध्यप्रांतात दुष्काळ पडला. १८९६ च्या सुमारास त्या स्वतः तेथे गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ति सदनात मुलींना अक्षरओळखीबरोबर हातचे काम शिकविले, म्हणजे त्या जन्मभर कोणाच्या उपकारावर राहू नयेत. काशी-कलकत्त्याच्या पंडितांना संस्कृतात उत्तर देऊ शकणाऱ्या या विदुषीने हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर केले, ते खेड्यातल्या साध्या बाईला कळावे अशा मराठीत. विद्वत्ता खाली उतरवून लोकांच्या हाती देणे हेही पाय धुणेच होय. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

ही लक्षणे ख्रिस्ती माणसांनाच लाभतात, असे मात्र आमचे म्हणणे नाही. वणीचे लोकनायक बापूजी अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद होते. १९४३ मध्ये गांधीजींच्या उपवासाच्या वेळी त्यांनी ते पद सोडले. पद आपल्या मालकीचे नाही असे मानणाऱ्यालाच ते असे खाली ठेवता येते.

पुढारी सभेत देवाचे नाव किती वेळा घेतो, हे मोजण्यात अर्थ नाही. त्याने कोणाचा बैल घेतला, त्याला खडसावणारे कोणी त्याच्याजवळ टिकते काय आणि त्याच्या सहवासात माणसे स्वतःच्या पायावर उभी राहतात की त्याच्या पाया पडतात, हे आपण विचारावे. राजा मागणारे लोकच होते, हे विसरू नये. तेव्हा हे प्रश्न विचारण्याची जबाबदारीही आपलीच आहे.